बोट ओळखणारा माणूस

सराफ कट्ट्यातल्या त्या मामांना माणसांचे चेहरे लक्षात राहत नसत. वीस वर्षं येणारं गिऱ्हाईक दारात उभं राहिलं तरी ते चष्म्यावरून बघत आणि विचारत, "कोण?" गिऱ्हाईक नाव सांगे. नावानंही फारसा उजेड पडत नसे. जुनी माणसं मग काही न बोलता हात पुढं करत. मामा बोट धरत, एकदा अलगद फिरवून बघत, आणि त्यांच्या तोंडावर ओळख पसरे. "हां, होटगी रोड. थोरलीच्या लग्नात पेर सुजलं व्हतं तुमचं. या की, बसा."

एकदा एक फौजदार गणवेशात आले. मामांनी त्यांनाही "कोण?" विचारलं. शेजारचा दुकानदार घाबरून खुणा करायला लागला. मामांनी फौजदारांचा हात ओढून घेतला, करंगळी चाचपली आणि म्हणाले, "आरं, तुमी व्हय. टोपी काढून यायचं की. वळखू कसं येणार?" टोपी काढून आले असते तरी ओळखू आले नसते, हे फौजदार सोडून सगळ्यांना माहीत होतं.

मामा गेले त्याला आता चार महिने होतील. मी तेव्हा लेकीकडं पुण्यात होतो, मला बातमी उशिरा कळली. त्यांच्याविषयी काही लिहावं म्हणून बसलो तेव्हा जाणवलं की मलाही त्यांचा चेहरा नीट आठवत नाही. हात आठवतात. बोटं आखूड, टोकाशी चपटी, नखांच्या कडांना काळी रेघ, आणि उजव्या अंगठ्यावर हत्यार टेकवून टेकवून पडलेला खळगा.

त्यांचं दुकान म्हणजे एका मोठ्या पेढीच्या जिन्याखालची जागा. दागिने ते विकत नसत, घडवतही क्वचितच. त्यांचं काम खडे बसवण्याचं. अंगठी असो, चमकी असो, कुडी असो, खड्याला बसायला जी जागा करायची तिला ते 'कोंदण' म्हणत आणि तो शब्द जरा सावकाश उच्चारत. मूळचे अक्कलकोटच्या पलीकडले, कर्नाटकाच्या हद्दीला लागून असलेल्या गावचे. बोलत मराठी, पण मोजत कानडीत. खडा धरून ठेवणारे चार बारीक काटे ते "ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु" असं म्हणतच वाकवायचे. कुणी कारण विचारलं तर म्हणत, "मराटीत मोजलं की मन हिकडं तिकडं जातंय."

कट्ट्यात त्यांना 'गपमामा' म्हणत. खडा कोंदणातून बाहेर काढला की ते छताचा पंखा बंद करत आणि समोरच्याला सांगत, "आता गप." तांदळाच्या कणीएवढा हिरा फुंकरीनं उडतो, शिंकेनं तर कुठं जाईल याचा नेम नाही, असं त्यांचं म्हणणं. म्हणणं खरंच होतं. पण सोलापूरच्या एप्रिलमध्ये जिन्याखाली पंख्याशिवाय मुकाट बसणं ही शिक्षाच. एकदा एका बाईंनी पदरानं वारा घेत म्हटलं, "मामा, एक एसी बसवा की."

"बसवतो. मग खडा तुमी हुडकणार काय, रांगत?"

तसं एकदा झालंही होतं म्हणतात. एका गिऱ्हाइकाला शिंक आली आणि समोरचा हिरा नाहीसा झाला. मामांनी दाराला आतून कडी लावली. आतले चौघे गुडघ्यांवर फरशी चाचपत राहिले. शेवटी हिरा सापडला तो शिंकणाऱ्याच्याच धोतराच्या निरीत. मामा त्याला एवढंच म्हणाले, "तुमचाच हाय म्हणून तुमच्याकडं आला."

या गप्प बसण्याचा एक वेगळाच परिणाम व्हायचा. काम सुरू करण्याआधी मामा सांगत, "काय बोलायचं ते आता बोलून घ्या. खडा उघडा पडला की बोलणं बंद." माणसं अंगठीविषयी बोलायला सुरुवात करत आणि भलतीकडं जात. भावाशी कसं बिनसलं ते सांगत, सुनेचं सांगत. लेकीचं लग्न ठरलेली एक आई नुसतीच रडली. मामा मत देत नसत, सल्लाही देत नसत. सगळं ऐकून घेत आणि शेवटी विचारत, "झालं?" मग पंख्याचं बटण बंद.

हे सगळं मला माझ्या पत्नीकडून कळलेलं. मामा नात्यातले नव्हेत, तिच्या माहेरच्या ओळखीचे. तिच्या आईच्या चमकीतला हिरा आमच्या लग्नाच्या वेळी तिच्याकडं आला. तिला चमकी घालायची नव्हती, म्हणून मामांनी त्याची अंगठी करून दिली. लग्नातल्या एका अंगठीपुरतं माझंही बोट त्यांनी तेव्हा धरलं होतं. मी एका कॉलेजात ग्रंथपाल होतो. सोन्याच्या वस्तूंशी माझा संबंध कपाट उघडताना त्यांचा डबा बाजूला सारण्यापुरता. ती मात्र वर्षातून एकदोनदा अंगठी उजळायला जाई आणि येताना मामांचा एखादा किस्सा घेऊन येई. ती नकलाही चांगल्या करायची. संध्याकाळी चहा घेताना माझं बोट धरून, डोळे बारीक करून म्हणायची, "हे कोण? हां, लायब्ररी."

मामांची बोटाचं माप घेण्याची पद्धतही तीच सांगायची. मापाच्या कड्यांचा जुडगा सगळ्या सराफांकडं असतो. मामा तो वापरत नसत. जुन्या लग्नपत्रिकांच्या बारीक पट्ट्या कापून ठेवत. पट्टी बोटाला गुंडाळायची, जुळेल तिथं कापायची, मागं खूण लिहायची आणि पत्र्याच्या डब्यात ठेवायची. ती पट्टी ते फेकत नसत. माणूस गेलं तरी.

मी मार्चअखेर निवृत्त झालो. एप्रिलमध्ये तिचा आजार कळला. श्रावणात ती गेली.

शेवटच्या आठवड्यात तिच्या हातापायांवर सूज चढली. अंगठी रुतायला लागली. साबण लावून झाला, दोरा गुंडाळून झाला. शेवटी दवाखान्यातल्या नर्सनं लहानशा करवतीनं ती कापली. नर्स कापत होती तेव्हा पत्नी माझ्याकडं न बघता खिडकीकडं बघत होती. नर्सनं अंगठी कागदी पाकिटात घालून माझ्या हातात दिली. अंगठीची कडी तुटून फाकली होती, हिरा जागच्या जागी होता.

वर्षश्राद्ध झाल्यावर लेक म्हणाली, "बाबा, आईचा हिरा मला हवाय. पण ती अंगठी तशीच जोडून नको. मला बघवणार नाही. दुसरी करू."

ती पुण्यात नोकरी करते. सुट्टी काढून आली आणि आम्ही दोघं दुकानं हिंडलो. मोठ्या दुकानांत गारवा होता, पाणी विचारत होते. मखमलीच्या तबकांत रिकाम्या अंगठ्या मांडलेल्या, प्रत्येकीच्या माथ्यावर खड्यासाठी भोक. विकणाऱ्या मुली आदबीनं बोलत होत्या. एकीनं टॅबवर चाळीस नमुने दाखवले आणि हिऱ्याचं प्रमाणपत्र मागितलं. मी लेकीकडं बोट करून म्हटलं, प्रमाणपत्र नाही, हिच्या आईचा आहे. ती गोंधळली, मग कुणाला तरी विचारायला आत गेली. मी त्या रिकाम्या अंगठ्यांकडं बघत उभा राहिलो. लेकीनं माझा दंड धरला आणि म्हणाली, "चला. आई जायची तिकडं जाऊ." तिला दुसऱ्या दिवशी परतायचं होतं. ठरलं असं की मी आधी हिरा नेऊन द्यावा, ती पुढच्या शनिवारी मापाला यावी.

सोमवारी सकाळी मी गेलो. मामांनी "कोण?" विचारलं. मी हात पुढं केला. त्यांनी धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

"लायब्ररी," ते म्हणाले. मग, "अक्का?" माझ्या पत्नीला ते अक्का म्हणत.

मी पाकीट त्यांच्यासमोर ठेवलं. त्यांनी अंगठी बाहेर काढली, कापलेल्या जागेवरून बोट फिरवलं. त्यांना पुढं सांगावं लागलं नाही.

"कुठल्या हातातली?" त्यांनी विचारलं. ते सगळ्यांनाच विचारत असावेत.

मी म्हटलं, "डाव्या." लगेच वाटलं, नाही. पोळ्या लाटताना अंगठी काढून ती खिडकीत ठेवायची, तो हात कुठला? तिशी उलटलेला संसार, आणि मला हात सांगता येईना.

"उजव्या," मामा म्हणाले. "करंगळीशेजारचं." त्यांच्या आवाजात दोष नव्हता. मग नेहमीसारखं म्हणाले, "काय बोलायचं ते बोलून घ्या."

"काही नाही, मामा. लेकीसाठी करायची. बाकी काही नाही."

"झालं?"

"झालं."

त्यांनी पंखा बंद केला. चार काटे एकेक करून उचलले, ओठ हलत होते, आवाज नव्हता. हिरा काळ्या फडक्यावर आला. कोंदणाबाहेर तो फारच लहान दिसत होता. मी श्वास धरून बसलो.

आणि मामा बोलायला लागले. हिरा उघडा होता, त्यांचं तोंड त्याच्यापासून वीतभर अंतरावर होतं.

"सर, ही कडी मी तीनदा ल्हान केलीय."

मला अर्थ लागला नाही. त्यांनी अंगठी उलटी करून दाखवली. आतल्या बाजूला, जवळजवळ, तीन पुसट रेघा. सोनं कापून पुन्हा जोडलं की टाक्याची अशी रेघ राहते. मग त्यांनी पत्र्याचा डबा ओढला, खाली खाली बोटं घालून चार पट्ट्या काढल्या आणि फडक्यावर एकीखाली एक मांडल्या. प्रत्येकीच्या मागं 'लायब्ररी' लिहिलेलं. पहिली पिवळी पडलेली, आमच्या लग्नाच्या वेळची. खालच्या तिन्ही नव्या होत्या, आणि प्रत्येक वरचीपेक्षा आखूड.

"ही दिवाळीच्या आदीची. आल्या, म्हणल्या, मामा, अंगठी फिरायला लागली. मी बोट धरलं. म्हणलं, अक्का, हाड लागतंय हाताला. म्हणल्या, उपास चाललेत."

"आणि ही?"

"संक्रांतीला. तवा म्हणलं, उपास न्हवं ह्ये, डाक्टरला दावा. तर म्हणल्या, दाखवते. पण घरी बोलू नका. मार्चात ह्ये रिटायर होतायत, निरोपसमारंभ हाय, तेवढं हसतखेळत होऊ द्या. मग सांगते मी. माज्याकडनं शब्द घेतला." त्यांनी शेवटची पट्टी बोटानं सरळ केली. "ही शिमग्याच्या तोंडावर. त्या दिवशी काय बोलल्या न्हाईत. खडा काडला तवा डोळे मिटून बसल्या. जाताना म्हणल्या, तुमच्याकडं बरं वाटतं, कुणी काय इचारत न्हाय."

दिवाळी ते शिमगा. मी त्या महिन्यांत काय करत होतो ते मला दिसायला लागलं. ग्रंथालयाची नोंदवही माझ्यामागं येणाऱ्याच्या हाती नीट पडावी म्हणून रोज उशिरापर्यंत थांबत होतो. ती वाळत चालली होती, हे मी बघितलं होतं. बघून म्हटलं होतं, "बारीक झालीस. छान दिसतेस." निरोपाच्या दिवशी तिनं निळं लुगडं नेसलं होतं आणि माझ्या शालीचं टोक उजव्या हातानं सारखं केलं होतं. त्या हातात तिसऱ्यांदा लहान केलेली अंगठी होती. ती तशी आवळलेली नसती, तर सुजेच्या दिवसांत कदाचित कापावीही लागली नसती.

आणखी एक आठवलं. फेब्रुवारीत मामा मला मंडईत भेटले होते. मी वांगी निवडत होतो, त्यांनी शेजारून माझा हात बघितला आणि मनगट धरलं. "लायब्ररी," म्हणाले. तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. मग "काय न्हाय, वांगी चांगली हायत" असं म्हणून निघून गेले. घरी येऊन मी तिला त्यांची नक्कल करून दाखवली होती. ती हसली होती. माझ्यापेक्षा जरा कमी हसली होती, पण हसली होती.

"मला सांगायला हवं होतं तुम्ही," मी म्हटलं.

"व्हय."

त्यांनी शब्द दिल्याचं कारण पुढं केलं नाही, शपथ घातल्याचंही म्हणाले नाहीत. चष्मा काढून बाजूला ठेवला. "दोन महिने आदी कळलं असतं तर काय झालं असतं, डाक्टरला म्हाईत," ते म्हणाले. "पर मला कळलंवतं. ह्या बोटांना कळलंवतं."

मला राग यायला हवा होता. आलाही असेल. पण समोर चार पट्ट्या होत्या, आणि मामांनी निदान त्या मोजल्या होत्या. मी उठलो. पंखा लावायला हात वर केला आणि आठवून खाली घेतला.

शनिवारी लेकीला घेऊन गेलो. तिनं फोनवरचा फोटो दाखवला. परदेशी नमुना होता, उंच काट्यांवर हिरा. मामांनी फोन दूर धरून, जवळ धरून बघितला. "ह्यात हिरा बसलेला न्हाय, टांगलेला हाय."

"तसाच छान दिसतो, मामा."

"दिसतोय की. ओढणीत अडकला की आणिकच छान दिसंल."

ती हसली. वर्षभरात मी तिचं तसं हसणं ऐकलं नव्हतं. बराच वेळ हुज्जत घालून दोघं एका बुटक्या, पातळ कोंदणावर आले. माप घेताना मामांनी तिचं बोट दोन्ही बाजूंनी दाबून बघितलं, पुन्हा दाबून बघितलं, तेव्हा ती म्हणाली, "दुखतंय हो." मामा म्हणाले, "दुकतंय तर चांगलंय. मांस हाय."

घरी येताना रिक्षात मी तिला सगळं सांगितलं. सांगू की नको याचा विचार मी आठवडाभर करत होतो, आणि आणखी एक दिवस करायची भीती वाटली. ती रस्ताभर बाहेर बघत होती. घराशी उतरल्यावर म्हणाली, "बाबा, मी व्हिडिओ कॉलवर तिला विचारलं होतं, कुठलं डाएट करतेस, मलाही सांग."

अंगठी झाली. ती घालते. मी मात्र कट्ट्यात जायचा राहिलो नाही. आठवड्यातून एकदा वर्तमानपत्र घेऊन मामांच्या बाकावर जाऊन बसे. आम्ही फारसं बोलत नसू. बोलण्यासारखं होतं ते बोलून झालं होतं.

त्या दिवसांत मामांची एक नवी तऱ्हा सुरू झाली आणि कट्ट्याला हसायला नवं कारण मिळालं. अंगठी मोठी करायची असेल तर ते लगेच करून देत. लहान करायची म्हटलं की अंगठी परत ठेवत आणि सांगत, "घरचं माणूस संगं आणा." का, ते सांगत नसत. लोक चिडत. "माझी अंगठी, माझं बोट, घरच्यांचं काय काम?" एकजण म्हणाला, "मामा, पोलिसांचा दाखला पण आणू काय?" शेजारच्या दुकानात तेच काम दहा मिनिटांत होई, आणि गिऱ्हाइकं तिकडं जाऊ लागली. शेजारचा दुकानदार मला म्हणाला, "सर, म्हातारं लई फिरलंय. तुमचं ऐकतंय तर सांगा की जरा." मी मान हलवली. सांगितलं काहीच नाही.

मोडनिंबहून आलेली एक तरुण बाई मात्र परतून आली. आदल्या दिवशी मामांनी तिला परत पाठवलं होतं. बरोबर तिची सासू होती, घाम पुसत, रागावलेली.

"काय ओ, अंगठी बारकी कराया सासू लागतीया व्हय? एष्टीनं आणलीया मला."

"बसा की," मामा म्हणाले. त्यांनी सुनेचा हात धरला नाही. सासूकडं बघून म्हणाले, "तुमी धरा. हितं, पेराच्या खाली. दाबून बगा."

"मी कशाला? माप तुमी घ्या की."

"घेतो. आदी तुमी बगा."

सासूनं कंटाळून सुनेचा हात मांडीवर ओढला. बोट चिमटीत धरलं. तिनं अंगठी वर सरकवून बघितली, मग सुनेचं मनगट धरलं, मग बाही वर करून कोपरापर्यंत हात चाचपत गेली. सून खाली बघत होती.

"अगं," सासू म्हणाली, आणि तिचा आवाज बदलला होता, "ह्ये कवापासनं?"